पाण्याला वाट, वाटेला माणसं

कर्जत लोकलने अंबरनाथ स्टेशन सोडलं की उजव्या हाताला डोंगरांची रांग सोबत करू लागते. आधी मलंगगडाचे सुळके, मग तावलीचा रुंद माथा, बदलापूर मागे पडता पडता चंदेरीचा उभा कातळ, त्यापुढे नाखिंद, पेब आणि शेवटी माथेरानचं पठार. डाव्या हाताला उल्हास नदी आणि नदीपल्याड बारवीचं जंगल. कल्याणहून खोपोलीकडे जाणारी रेल्वे १८५६ साली सुरू झाली तेव्हा या रुळांच्या काठाला खेडी होती. उल्हासनगर तर नव्हतंच. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या कल्याण कॅम्पला ते नाव मिळालं १९४९ साली. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांची लोकसंख्या मिळून सव्वानऊ लाखांच्या वर गेली होती, आणि वाढ काही तिथे थांबलेली नाही.

एवढ्या माणसांच्या दारापासून तास-दीड तासावर डोंगर आणि जंगल असणं ही चैन मुंबई महानगरात फार थोड्यांच्या वाट्याला येते. त्या जंगलात शिरायला साधन एकच, फूट-दीड फुटाची पायवाट. ती कशाने मोडते, कशी राखतात आणि ते काम कुणाचं, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

राखणारे कोण होते

सह्याद्रीतल्या बहुतेक पायवाटा कुणी आखून बांधलेल्या नाहीत. त्या वापराने पडल्या आणि वापरानेच टिकल्या. डोंगराच्या पदरात ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. तिथली बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरायची, तेव्हा मोळीला अडकणारी करवंदीची फांदी कोयत्याच्या एका घावात बाजूला व्हायची. गुराखी पावसात वाटेवर साचलेलं पाणी पायाने माती सरकवून काढून द्यायचा. वाटेत कोसळलेलं झाड दोन दिवसांत सरपण होऊन घरी जायचं. याला कुणी देखभाल म्हणत नव्हतं. रोजच्या जगण्यातच ती होऊन जायची.

मोठ्या घाटवाटांचं कारण वेगळं होतं, पण सूत्र तेच. मुरबाडहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात फरसबंदी आहे, सातवाहनकालीन शिलालेख असलेली गुहा आहे, आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असं परंपरा सांगते. व्यापार चालू होता तोवर घाट चालता राहिला. मलंगगडाची वाट टिकली ती भाविकांच्या पायांवर. ज्याचं पोट किंवा ज्याची श्रद्धा वाटेवर अवलंबून होती, त्याने ती राखली.

गेल्या काही दशकांत हे नातं सुटलं. वाड्यांपर्यंत डांबरी सडक आली, अनेक घरांत गॅस आला, पोरं शाळेला आणि थोरली माणसं कंपनीत किंवा बांधकामावर जाऊ लागली. डोंगरावर रोज जाणारे पाय कमी झाले. त्याच काळात शहरातून रविवारी येणारे पाय वाढले. हे पाय वाट वापरतात, पण त्यांच्या हातात कोयता नसतो, आणि पुढच्या रविवारी ते दुसऱ्याच डोंगरावर असतात. वाट वापरणारा आणि वाट राखणारा एकच होता, ते आता दोघे झाले आणि त्यांतला दुसरा जागेवर नाही. स्वयंसेवी मंडळाने वाट राखायला जाणं म्हणजे या रिकाम्या जागेवर उभं राहणं. परोपकार हा शब्द त्यासाठी फार मोठा आहे. वापरतो त्याने राखावं, हा गावचा जुना नियम शहरातल्या माणसाने स्वतःला लावून घेणं एवढंच ते आहे.

वाट मोडते ती पाण्याने

पायवाटेची नासधूस माणसं करतात असा आपला समज असतो. माणसं सुरुवात करतात. काम पुरं करतं ते पाणी.

हा सगळा प्रदेश साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचा, म्हणजे बेसॉल्टचा. कातळ टणक, पण त्यावरची माती उतारांवर जेमतेम वीत-दोन वीत आणि तिच्याखाली भुसभुशीत मुरूम. या पातळ कातडीवर पावसाळ्याच्या चार महिन्यांत प्रचंड पाऊस कोसळतो. माथेरानसारख्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे सोळा-सतरा फूट उंच पाण्याचा थर, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये.

आता वाटेवर काय होतं ते पाहू. सततच्या चालण्याने माती दाबली जाते, तिच्यातली हवेची पोकळी संपते. अशा घट्ट मातीत पाणी मुरत नाही, वरून वाहू लागतं. बाजूच्या गवताळ उतारावर त्याच पावसाचं पाणी गवताच्या मुळांशी थबकतं आणि जिरतं. वाटेवर त्याला अडवणारं काही नसतं. पहिल्या वर्षी वाटेच्या मधोमध बोटभर घळ पडते. दुसऱ्या वर्षी ती वीतभर खोल होते, बारीक माती निघून जाते आणि मागे सुटे दगड राहतात. त्या दगडांवरून पाय निसटतो म्हणून लोक कडेच्या गवतावरून चालू लागतात. तिथलं गवत मरतं, तिथेही माती दाबली जाते आणि पाण्याला दुसरी नाळ मिळते. पाच-सात पावसाळ्यांत दीड फुटाच्या वाटेचा पंधरा फुटांचा ओरखडा होतो. पावसात तो ओढा असतो आणि उन्हाळ्यात घसारा.

चंदेरीला चिंचवलीच्या बाजूने गेलेल्यांना खिंडीखालचा घसारा सांगावा लागत नाही. तिथे वाट आधीच ओढ्याच्या पात्रातल्या धोंड्यांतून जाते, आणि वरच्या टप्प्यात पायाखालचा मुरूम एक पाऊल पुढे, अर्धं मागे अशी चाल करायला लावतो. अशा घसाऱ्याचा काही भाग निसर्गाचा आहे, कड्याखाली दगड पडणारच. पण दर वर्षी शेकडो बुटांनी तो ढवळला की त्यावर गवताचं पातंसुद्धा धरत नाही.

निघालेली माती नाहीशी होत नाही, ती उतरते. या रांगेच्या पूर्व उतारावरचे ओढे उल्हास नदीला मिळतात, आणि त्याच नदीवरच्या बदलापूरच्या बंधाऱ्यातून आसपासच्या शहरांना पाणी जातं. पावसाळ्यात नदी गढूळ होते त्याला वाटा हे एकमेव कारण नाही. उघडे पडलेले डोंगर, खाणी, रस्त्यांची कामं ही कारणं कितीतरी मोठी. तरी डोंगरावरची ओरबाडलेली प्रत्येक वाट त्या गढूळपणात आपली भर घालते.

उताराचं गणित

जगभर पायवाटा बांधणाऱ्यांनी अनुभवातून काही नियम काढले आहेत. ते कुठल्याही डोंगराला लागू पडतात.

पहिला नियम असा की वाट उताराच्या सरळ रेषेत, म्हणजे वरून सोडलेला चेंडू जसा खाली जाईल त्या रेषेत असू नये. तशा वाटेवरून पाणी बाजूला काढायला जागाच राहत नाही, कारण वाट हाच सर्वांत सोपा उतार असतो. डोंगराला आडवी कापत तिरकी चढणारी वाट मात्र खालच्या कडेने पाणी सोडून देऊ शकते.

दुसरा नियम अर्ध्याचा. वाटेचा चढ हा डोंगराच्या त्या जागच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. डोंगर १०० मीटरमागे ४० मीटर चढत असेल, तर वाट २० मीटरच्या वर चढू नये. लांबच्या वाटेची सरासरी मात्र १०० मीटरमागे १० मीटरच्या आसपास राहावी.

तिसरा नियम वाटेच्या रुंदीचा. वाटेची दरीकडची कड डोंगराकडच्या कडेपेक्षा किंचित खाली असावी, शेकडा पाचेक इतका कल पुरे. चालणाऱ्याला तो जाणवत नाही, पाण्याला लगेच कळतो. कालांतराने दरीकडच्या कडेला मातीचा उंचवटा साचतो आणि पाणी वाटेतच कोंडतं. तो उंचवटा फावड्याने कापून काढणं हे देखभालीतलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत गुणकारी काम.

आपल्याकडची अडचण अशी की सह्याद्रीतल्या कित्येक वाटा सोंडेवरून सरळ चढतात. मोळी घेऊन उतरणाऱ्याला लवकर घर गाठायचं असतं, आणि पंचवीस पाय चालत होते तोवर सोंडेची वाट टिकतही होती. अडीचशे पायांना ती टिकत नाही. तरीही वाट नव्याने आखणं हे मंडळाचं काम नव्हे. त्यासाठी झाडी तुटते, वनखात्याची वेगळी मंजुरी लागते, आणि चुकीची आखलेली नवी वाट जुनीपेक्षा जास्त नुकसान करते. आहे त्या वाटेवरून पाणी उतरवणं एवढं साधलं तरी तीन-चतुर्थांश काम झालं.

हत्यारं आणि हात

या कामाला यंत्र लागत नाही. टिकाव, फावडं, घमेलं, पहार, कुदळ, कोयता आणि लाकूड कापायची छोटी करवत. हातात जाड मोजे, पायात घोटा झाकणारे बूट. हत्यार घेऊन चालताना दोन माणसांत पुरेसं अंतर, आणि दगड सुटला तर खालच्याला ऐकू जाईल अशी आरोळी. दगड उचलताना तो आपल्यापासून लांबच्या कडेने, आपल्याकडे वळवत उचलायचा, कारण खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं आणि दगडाची आड आपल्याला हवी असते. कड्याला आग्यामोहोळ लटकत असेल तर त्या बाजूला ना धूर, ना अत्तर, ना आरडाओरडा.

पहिलं काम आडव्या चरांचं. वाटेवर साधारण ४५ अंशांत तिरका चर खणतात, किंवा मोठे दगड मातीत दोन-तृतीयांश गाडून तिरकी ओळ लावतात. वरून येणारं पाणी त्या ओळीला अडून दरीकडे वळतं. चढ जितका जास्त तितके चर जवळजवळ. चराचं तोंड जिथे सुटतं तिथे सपाट दगड पसरावे लागतात, नाहीतर पाणी तिथूनच नवी घळ कोरतं. वाटेला काटकोनात टाकलेला दगड निरुपयोगी असतो. पाणी त्याच्यामागे साचतं, माती भरते, आणि पुढच्या पावसात ते डोक्यावरून उडी मारून खाली खड्डा पाडतं.

चर खणण्यापेक्षा उपसणं महत्त्वाचं, हे इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या 'फिक्स द फेल्स' या उपक्रमातून नीट दिसतं. २००१ पासून चालू असलेल्या या कामात स्वयंसेवक फावडी घेऊन ठरलेल्या वाटांवर पुन्हा पुन्हा चढतात आणि पाण्याच्या चरांतली माती-दगड काढून टाकतात. तुंबलेला चर हा नसलेल्या चरासारखाच. या फेऱ्यांत फोटो काढण्यासारखं काही नसतं, पण त्यांच्या जिवावर बाकीचं बांधकाम टिकतं.

दुसरं काम दगडांचं. जिथे वाट दरीकडे ढासळली आहे तिथे खालून गडगा रचतात, चुना-सिमेंट न वापरता. सर्वांत मोठे दगड तळाला, प्रत्येक दगडाची लांबी डोंगराच्या आत, वरचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर, आणि सगळा गडगा डोंगराकडे किंचित कललेला. फटींत चिपा ठोकून बसवायच्या. असा गडगा पाणी अडवत नाही, गाळून सोडतो, म्हणून उभा राहतो. सिमेंटचा धक्का मागे पाणी तुंबून फुटतो. पायऱ्या करायच्या तर वरच्या पायरीचा दगड खालच्या पायरीवर थोडा चढलेला हवा आणि पाऊल टाकल्यावर हलता कामा नये. हलणारी पायरी वेळेला माणूस घालवते.

दगड आणायचे कुठून, यावर किल्ल्याच्या परिसरात कडक शिस्त लागते. पडलेल्या तटाचा, जोत्याचा किंवा टाक्याच्या कडेचा दगड उचलायचा नाही, तो कितीही हाताशी असो. घडीव दगड कुठे पडला आहे यावरून अभ्यासक बांधकाम कसं होतं ते ओळखतात. तो हलवला की तो पुरावा गेला.

तिसरं काम झाडोऱ्याचं, आणि इथेच नवखे हात सर्वांत जास्त चुकतात. कोयता हातात आला की माणसाला सगळंच साफ करावंसं वाटतं. पाठपिशवी घेतलेला माणूस जाईल एवढी, साधारण चार फूट रुंद आणि सात-आठ फूट उंच जागा मोकळी असली की पुरे. फांदी खोडाला लागून न सोलवटता, बुडाशी असलेल्या फुगीर कडेच्या बाहेर कापायची म्हणजे जखम भरते. कारवीला तर होता होईल तो हात लावू नये. तिची दाट मुळं उतारावरची माती धरून ठेवतात, सात-आठ वर्षांनी एकदाच ती फुलते आणि बी पडल्यावर मरते. फुलोऱ्याआधी तोडलेली कारवी पुढच्या पिढीचं बी न टाकताच जाते. वाडीतल्या घरांचे कूड याच कारवीच्या काठ्यांचे, म्हणून गावकऱ्यांचाही तिच्यावर हक्क आहे.

याउलट घाणेरी आणि रानमोडी मनसोक्त काढाव्यात. दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या, उजेड आणि उघडी माती मिळाली की वाटेच्या दोन्ही बाजूंनी रेटत जाणाऱ्या. पण काढायच्या त्या मुळासकट आणि बी धरण्याआधी. बी धरल्यावर त्या ओढत नेणं म्हणजे वाटभर पेरणी करणं.

काही वाटा बुजू द्याव्यात

देखभालीतला निम्मा शहाणपणा वाटा बंद करण्यात आहे. वळणाची वाट असते तिथे घाईची माणसं मधून सरळ उतरतात आणि शॉर्टकट पडतो. तो थेट उताराच्या रेषेत असतो, म्हणजे पाण्याचा लाडका. गुरांच्या ढोरवाटा मुख्य वाटेला फुटतात आणि धुक्यात चालणारा माणूस त्यातल्या एकीवरून भलतीकडेच जातो. पावसाळ्यात अशा चुकलेल्यांना शोधायला गिर्यारोहण संस्थांची बचाव पथकं रात्री-बेरात्री बाहेर पडतात.

शॉर्टकट बंद करायला 'इथून जाऊ नये' अशी पाटी लावून भागत नाही. त्याचं तोंड दिसेनासं करावं लागतं. सुकलेल्या काटेरी फांद्या, धोंडे, पालापाचोळा पसरायचा, घट्ट माती टिकावाने सैल करायची आणि स्थानिक गवत-झुडपांना धरू द्यायचं. दोन पावसाळे मिळाले की डोळ्याला तिथे वाट होती असं कळत नाही.

ही युक्ती आपल्याकडे राज्यकारभाराच्या ग्रंथातच सांगितली आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडांच्या व्यवस्थेवर एक प्रकरण आहे. गडावर येणारे मार्ग सोपे नसावेत, असतील तर ते मोडून त्यांवर झाडी वाढवावी आणि अवघड जागेतून नवे मार्ग काढावेत, असा त्यातला सल्ला. गडाच्या भोवतीचं जंगल राखण्यावरही तिथे भर आहे. अमात्यांना चिंता शत्रूच्या फौजेची होती, आपल्याला ती वाहून जाणाऱ्या मातीची आहे. पण वाट बुजवायची तर झाडी वाढवावी, भिंत घालू नये, हे त्यांनी पक्कं ओळखलं होतं.

उरलेल्या, चालत्या वाटेवर मात्र खूण हवी. ऑइलपेंटने कातळावर बाण, नावं आणि मंडळाची बोधचिन्हं रंगवण्याची आपल्याकडे हौस फार. फाट्यावर एक लहान बाण पुरतो. दगडांची छोटी लगोरी किंवा वनखात्याच्या संमतीने लावलेली पाटी त्याहून बरी. प्लास्टिकच्या फिती बांधल्या तर उतरताना सोडून आणायच्या.

उन्हाळ्यातला शत्रू

पावसाळा संपला की डोंगरावर कमरेएवढं गवत असतं, आणि होळीच्या सुमारास ते वाळून कोळ झालेलं असतं. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतं. एक विडी, भाकरी गरम करायला पेटवून न विझवलेली चूल, कोवळं गवत यावं म्हणून लावलेली काडी, शिकारीसाठी उठवलेलं रान, यांतलं काहीही पुरतं. वणवा गेला की उतार उघडा पडतो आणि जूनचा पहिला पाऊस थेट मातीवर आदळतो. म्हणजे उन्हाळ्यात लागलेली आग वाटेची कंबर पावसाळ्यात मोडते.

अंबरनाथ तालुक्यातल्या मांगरूळचा अनुभव सगळ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. मलंगगडाच्या पायथ्याशी असलेल्या या गावाच्या टेकडीवर जुलै २०१७ मध्ये हजारो स्वयंसेवकांनी एका दिवसात एक लाख रोपं लावण्याचा कार्यक्रम झाला. पुढे तिथे आगी लागल्या आणि हजारो रोपं जळाली. रोप लावायला एक दिवस पुरतो, ते जगवायला किमान तीन उन्हाळे लागतात. आणि तीन उन्हाळ्यांना हजारोंची गर्दी लागत नाही, वीस-पंचवीस भरवशाची माणसं लागतात.

वणव्यावरचा साधा उपाय जाळरेषा. पावसाळा संपल्यावर गवताचे काही मीटर रुंद पट्टे कापून किंवा वनखात्याच्या देखरेखीखाली जाळून मोकळे ठेवतात, म्हणजे आगीला पलीकडे उडी मारता येत नाही. नीट राखलेली पायवाट छोट्या आगीला इथे अडसर होते, आणि आग विझवायला जाणाऱ्यांना रस्ताही. पण डोंगरावरची आग विझवणं हे हौशी माणसाचं काम नाही. आग चढावर माणसापेक्षा वेगाने धावते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नये. वनरक्षकाला कळवावं, त्याच्या सांगण्याप्रमाणे ओल्या फांद्यांनी कडेकडेने झोडपावं, आणि वारा फिरला की मागे यावं.

परवानगी, गाव आणि मजुरी

हौशी मंडळी इथे बहुधा उलट्या क्रमाने जातात. आधी तारीख ठरते, मग टी-शर्ट छापले जातात, आणि शनिवारी संध्याकाळी कुणाला तरी वनखातं आठवतं.

राखीव वनात परवानगीशिवाय झाड तोडणं, जमीन खणणं, दगड काढणं किंवा आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. हेतू चांगला होता हा त्यावर बचाव नाही. म्हणून पहिलं पाऊल वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज: कुठली वाट, कुठपासून कुठवर, कोणतं काम, किती माणसं, कोणती हत्यारं. माथेरान आणि भोवतालचा भाग २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे बंधनं अधिक. संरक्षित किल्ला असेल तर पुरातत्त्व खात्याची संमती वेगळी. परवानगी मिळायला वेळ लागतो, पण वनरक्षक सोबत आला तर तो काय कापायचं आणि काय नाही हे जागेवरच सांगतो, आणि ते शिक्षण फुकट मिळतं.

दुसरी परवानगी गावाची. १ जून १९९० च्या केंद्र सरकारच्या परिपत्रकानंतर संयुक्त वनव्यवस्थापनाचा मार्ग खुला झाला आणि महाराष्ट्रात गावोगावी त्यासाठी समित्या बनल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपलं जंगल राखण्याचा आणि सांभाळण्याचा अधिकारच दिला. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार तेच सांगतो. कुठल्या वळणावर पावसात पाणी फुटतं, कुठला धोंडा कधी सुटला, हे वाडीतल्या म्हाताऱ्या काकांना आणि गुरं राखणाऱ्या पोराला ठाऊक असतं. शहरातल्या मंडळाने जानेवारीत उन्हात उभं राहून चराची जागा ठरवावी आणि काकांनी म्हणावं, "अहो भाऊ, पाणी तिकडून येतच नाय, ते वरच्या आंब्याकडून वळतं," हे ठरलेलं आहे. आधी विचारलं तर एक दिवसाचं काम वाचतं.

मग मजुरीचा प्रश्न येतो. श्रमदान हा महाराष्ट्राचा जुना आणि अभिमानाचा संस्कार आहे. गाडगेबाबांच्या हातातला खराटा, १९६९ पासूनची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं, बाबा आमट्यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी, पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेतली गावं, ही सगळी त्याची उदाहरणं. पण शहरातल्या पगारदाराने सुट्टीच्या दिवशी केलेलं श्रमदान आणि रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाने बुडवलेला दिवस यांना एकाच तराजूत तोलता येत नाही. गावातला माणूस दगड रचायला बोलावला तर त्याला त्याचा रोज द्यावा, आणि कौशल्याचा जास्त द्यावा. नॉर्वेने हे फार चांगलं केलं. तिथल्या डोंगरवाटांवर दगडी पायऱ्या बांधायला या शतकाच्या सुरुवातीपासून नेपाळमधले शेर्पा बोलावले जातात आणि त्यांच्या कसबाचा मोबदला दिला जातो. आपल्या वाड्यांतही दगडाची नजर असलेले हात आहेत. त्यांना कारागीर म्हणून वागवलं तर काम सुधारतं, आणि वाट गावालाही परत आपली वाटू लागते.

एक तुकडा, एक वर्ष

अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल सुमारे ३,५०० किलोमीटर लांब आहे. बेंटन मकाय यांनी १९२१ साली ती कल्पना मांडली, १९३७ साली वाट पूर्ण झाली, आणि चौदा राज्यांतून जाणारी ही वाट आजही मुख्यतः तीसएक स्वयंसेवी मंडळं राखतात. एवढा पल्ला सांभाळण्याचं गुपित अगदी साधं आहे. प्रत्येक मंडळाकडे ठरलेला टप्पा, आणि मंडळात माणसागणिक काही किलोमीटरचा तुकडा. त्या तुकड्यावरचं झाड पडलं तर कुणाला सांगायचं हे सगळ्यांना माहीत असतं.

तावली, चंदेरी, मलंगगड किंवा बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या परिसरात हे करायचं तर एका मंडळाने एकच वाट आणि तीही दोन किलोमीटर घ्यावी. मग वर्षाचं वेळापत्रक आपोआप ठरतं. मे महिन्यात, मृग लागण्याआधी, चर उपसायचे आणि दरीकडची कड कापायची. जुलैच्या भर पावसात हत्यारं घरी ठेवून, सुरक्षित टप्प्यापर्यंतच जाऊन, पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं ते नुसतं पाहायचं आणि टिपायचं. प्रशासनाने धबधब्यांच्या जागी बंदी घातली असेल तर ती पाळायची. कोंडेश्वरसारख्या ठिकाणी पाण्यात माणसं गेलेली आहेत. दसरा-दिवाळीच्या दरम्यान माती ओलसर असते, टिकाव सहज लागतो, तेव्हा गडगे आणि पायऱ्या. डिसेंबर-जानेवारीत घाणेरी काढणं आणि वनखात्यासोबत जाळरेषा. फेब्रुवारीपासून आगीवर नजर. प्रत्येक खेपेला त्याच दहा जागांचे त्याच कोनातून फोटो काढले, तर तीन वर्षांनी काय टिकलं आणि काय वाहून गेलं याचा हिशेब हातात राहतो.

असं काम मोजायचं कसं? गोळा केलेल्या कचऱ्याच्या पोत्यांनी किंवा आलेल्या माणसांच्या आकड्याने त्याचं मोल कळत नाही. वाटेची रुंदी मोजावी. पंधरा फुटांची वाट तीन पावसाळ्यांनंतर आठ फुटांवर आली आणि कडेला गवत परतलं, तर मंडळ यशस्वी. ती वीस फुटांवर गेली, तर आपण वाटेवर माणसं आणली, पण वाटेला माणसं दिली नाहीत. मग पुढच्या वर्षीचा ट्रेक रद्द करून त्याच खर्चात फावडी आणि वाडीतल्या दोन कारागिरांचा रोज काढावा.